छोट्या शिडाच्या बोटीसाठी हाऊस बॅटरी: हिशोबापासून जोडणीपर्यंत

शिडाच्या बोटीवर बॅटरीला दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे इंजिन सुरू करताना काही सेकंद शेकडो अँपिअर देणं. दुसरं म्हणजे दिवे, फ्रीज, व्हीएचएफ रेडिओ, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन), ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) यांना तासन्‌तास थोडा थोडा करंट पुरवत राहणं. हे दुसरं काम करते ती हाऊस बॅटरी, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. सात ते दहा मीटर लांबी, १२ व्होल्टची यंत्रणा, छोटं डिझेल इंजिन किंवा आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), अशी बोट इथे गृहीत धरली आहे.

पहिल्यांदा बॅटरी घेणारे बहुतेक जण "किती एएचची (अँपिअर-तासांची) घेऊ?" इथून सुरुवात करतात. पण बॅटरी वीज तयार करत नाही. रोज जेवढी काढाल तेवढी परत भरली जात नसेल, तर मोठी बॅटरी घेऊन अंधार फक्त दोन दिवस उशिरा होईल, आणि शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर ती त्या काळात खराबही होईल. म्हणून आधी खर्च मोजा, मग ती भरणार कशी ते ठरवा आणि त्यानंतरच बॅटरी निवडा.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय हवं

- डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. स्वस्त क्लॅम्प मीटर बऱ्याचदा फक्त एसी मोजतात. डायलवर डीसी अँपिअरची खूण आहे का ते बघूनच घ्या.
- साधा मल्टिमीटर, मोजपट्टी, वही.
- अल्टरनेटर, किनाऱ्यावरचा चार्जर आणि सोलर कंट्रोलर यांची माहितीपत्रकं. चार्जिंगचं व्होल्टेज बदलता येतं की नाही, हे त्यांत शोधायचं आहे.
- ज्या बॅटऱ्यांचा विचार चालू आहे त्यांची डेटाशीट. जाहिरातीचं पान पुरत नाही.
- बोटीचा विमा असेल तर पॉलिसी. लिथियम बसवायचं असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा.
- जोडणी स्वतः करणार असाल तर हायड्रॉलिक क्रिम्पर (तारेच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे लग, दाबून बसवणारं हत्यार), टॉर्क पाना आणि गोंद असलेली हीट श्रिंक नळी.

१. एका दिवसाचा खर्च मोजा

नांगर टाकून काढलेले किंवा थोडा प्रवास केलेले २४ तास धरा. प्रत्येक उपकरण चालू करून क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि दिवसात ते किती तास चालतं त्याने गुणा. उपकरणावरच्या पट्टीवर कमाल आकडा छापलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला आकडा बहुतेक वेळा त्याहून कमी भरतो.

फ्रीज असलेल्या साधारण नऊ मीटरच्या बोटीचा हिशोब असा दिसतो:

- फ्रीज: ४.५ अँपिअर, कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालू, म्हणजे १२ तास = ५४ एएच
- एलईडी नांगर-दिवा: ०.२ अँपिअर × १२ तास = २.४ एएच
- केबिनमधले चार एलईडी दिवे: ०.८ अँपिअर × ४ तास = ३.२ एएच
- व्हीएचएफ, फक्त ऐकण्यासाठी: ०.४ अँपिअर × १० तास = ४ एएच
- चार्टप्लॉटर आणि वाऱ्या-खोलीची उपकरणं: १.५ अँपिअर × ६ तास = ९ एएच
- टिलर पायलट (सुकाणूच्या दांड्यावर बसणारा छोटा ऑटोपायलट): सरासरी १.५ अँपिअर × ५ तास = ७.५ एएच
- पाण्याचा पंप: ५ अँपिअर × १२ मिनिटं = १ एएच
- फोन, टॅब्लेट: ४ एएच

बेरीज ८५ एएच. विसरलेल्या गोष्टींसाठी १५ ते २० टक्के वाढवा, म्हणजे १०० एएच धरा. आता फ्रीज वगळून बघा: ३१, वाढवून ३७ एएच. छोट्या बोटीवरचा विजेचा अर्ध्याहून जास्त हिशोब एका फ्रीजवर ठरतो. त्यामुळे फ्रीज हवाच का, आणि हवा असेल तर त्याच्या पेटीला आणखी पाच सेंटिमीटर इन्सुलेशन लावता येईल का, हा प्रश्न बॅटरीच्या आधी सोडवा. तिथे वाचवलेले २० एएच रोजचे असतात आणि ते भरायला पॅनेल लागत नाही.

जुने फिलामेंटचे दिवे असतील तर ते आधी बदला. १० वॉटचा नांगर-दिवा एका रात्रीत १० एएच खातो, एलईडी त्याच्या पाव हिश्शात तेच काम करतो.

२. ती भरणार कशी, ते ठरवा

*सोलर.* चांगल्या उन्हात १०० वॉटचं पॅनेल दिवसाला साधारण २५ ते ३० एएच देतं, पण सावली पडली नाही तरच. डोलकाठी, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) आणि दोरांची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्याखाली जाऊ शकतं. दोन पॅनेल लावणार असाल तर शक्यतो प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) द्या, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरं पूर्ण चालतं.

*अल्टरनेटर.* त्यावर ५० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा थंड यंत्राचा आणि वरच्या फेऱ्यांचा असतो. तापल्यावर, नांगरावर मंद चालणाऱ्या इंजिनातून २० ते २५ अँपिअर मिळाले तरी चांगलं. छोट्या आउटबोर्डकडून तर बऱ्याचदा ६ ते १० अँपिअरच मिळतात, आणि तेही जोरात चालवल्यावर. आउटबोर्डच्या भरवशावर फ्रीज चालवायचा विचार सोडून द्या.

*किनाऱ्यावरचा चार्जर.* शनिवार-रविवार बोट बाहेर नेऊन परत धक्क्यावर बांधणाऱ्यांसाठी हाच मुख्य मार्ग. पाच दिवस निवांत चार्जिंग मिळत असेल तर साधी शिसं-आम्लाची बॅटरीही वर्षानुवर्षं चालते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शिसं-आम्लाची कुठलीही बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण शेवटचे २० टक्के घ्यायला चार-पाच तास लावते. चार्जर दुप्पट मोठा केला तरी त्या तासांत फारसा फरक पडत नाही, कारण बॅटरीच करंट घ्यायचा कमी करते. रोज तासभर इंजिन चालवून ती कधीच पूर्ण भरत नाही. आणि अर्धवट भरलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात, क्षमता कायमची घटते. बोटीवरच्या बहुतेक शिसं-आम्ल बॅटऱ्या अशाच मरतात: खूप उतरल्या म्हणून कमी, पूर्ण कधी भरल्याच नाहीत म्हणून जास्त. संपूर्ण सकाळ-दुपार हळूहळू करंट देणारं लहानसं सोलर पॅनेल इथे उपयोगी पडतं, ते शेवटच्या २० टक्क्यांचं काम शांतपणे करतं.

३. प्रकार निवडा

*ओली बॅटरी.* डिस्टिल्ड वॉटर घालायची, डीप सायकल (खोलवर उतरवून पुन्हा भरण्यासाठी बनवलेली) किंवा ट्युब्युलर. दणकट, चुका सहन करणारी. पण शिडाची बोट २०-३० अंश कलते आणि तशीच तासन्‌तास चालते. झाकणातून आम्ल झिरपू शकतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून आम्ल न खाणारी पेटी आणि तिच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून बाहेर जाणारी हवा, दोन्ही हवंच. बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

*एजीएम.* शिसं-आम्लाचीच, पण आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं. बंद, कलली तरी न सांडणारी, करंट लवकर घेणारी. १०० एएचचं वजन २८ ते ३२ किलो. अर्धवट भरलेली ठेवल्याचा त्रास हिला ओल्या बॅटरीइतकाच, आणि पाणी घालून वाचवायची सोय नाही.

*जेल.* हीही शिसं-आम्लाची, पण आम्ल घट्ट जेलच्या रूपात. वारंवार उतरणं चांगलं सोसते, पण जास्त व्होल्टेज अजिबात नाही. जेलमध्ये एकदा बुडबुडे अडकले की ते जात नाहीत. चार्जरवर जेलसाठी वेगळी सेटिंग नसेल तर घेऊ नका.

*लिथियम आयर्न फॉस्फेट.* क्षमतेच्या ८० टक्के निर्धास्त वापरता येते, १०० एएचचं वजन ११ ते १३ किलो, शेवटपर्यंत भराभर भरते, आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिला बरंच वाटतं. बोटीवर लिथियम म्हणजे हेच रसायन घ्या. वाहनांतून काढलेल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलच्या बॅटऱ्या तुलनेने कमी तापमानाला अनियंत्रित तापू लागतात आणि त्यांचं व्होल्टेजही १२ व्होल्टच्या यंत्रणेला नीट जुळत नाही. लिथियमच्या अटी दोन: शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नाही, आणि तिच्या आजूबाजूची यंत्रणा बदलायची तयारी हवी.

माझं मत स्पष्ट आहे. फ्रीज नाही आणि बोट धक्क्यावर चार्ज होते, तर दोन एजीएम घ्या आणि उरलेले पैसे शिडांवर खर्च करा. फ्रीज आहे आणि आठवडाभर नांगरावर राहायचं आहे, तर लिथियम. मधल्या बोटींसाठी एजीएम अधिक पुरेसं सोलर हे उत्तर बरोबर ठरतं.

४. क्षमता काढा

शिसं-आम्लाची बॅटरी ५० टक्क्यांपर्यंत उतरवायची हा नियम सगळे सांगतात. त्यावर १०० एएचसाठी २०० एएच पुरायला हवी. पण नांगरावर ती रोज ८५ टक्क्यांच्या पुढे भरत नसेल, तर ८५ ते ५० एवढाच पट्टा वापरायला मिळतो, म्हणजे ३५ टक्के. १०० भागिले ०.३५, उत्तर २८५ एएच. तीन बॅटऱ्या, सुमारे ९० किलो. तेच लिथियममध्ये १०० भागिले ०.८, म्हणजे १२५ एएच.

हा एका दिवसाचा आकडा झाला. ढगाळ दिवसांसाठी आणखी एक दिवस धरायचा असेल तर रोजच्या सोलरमधून येणारी वीज वजा करा आणि उरलेल्या तुटीला वरच्यासारखंच भागा. २०० वॉटची पॅनेल ढगाळ दिवशी २० एएच देत असतील, तर दुसऱ्या दिवसाची तूट ८० एएच, पूर्ण १०० नाही.

दोन ६ व्होल्टच्या गोल्फ-कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडणं हाही चांगला पर्याय आहे: सुमारे २२५ एएच, जाड प्लेटा, प्रत्येकी ३० किलोच्या आसपास. त्या उंच असतात, तेवढी आधी खात्री करा.

५. लेबल नीट वाचा

"मरीन" हा शब्द काहीच सिद्ध करत नाही. आकडे बघा.

एएचचा आकडा किती तासांच्या दराने दिलाय? सी२० म्हणजे १०० एएचची बॅटरी ५ अँपिअरने २० तास. सी१०० दराने तीच बॅटरी मोठी दिसते, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दर एकच हवा. शिसं-आम्लाची बॅटरी जोरात उपसली तर कमी देते. २५ अँपिअरने त्याच बॅटरीतून साधारण ७५ एएच हाती येतात.

लेबलवर एएच नसून फक्त सीसीए किंवा एमसीए (इंजिन सुरू करताना थोड्या वेळासाठी देता येणारा करंट) असेल तर ती मुळात इंजिन सुरू करायची, पातळ प्लेटांची बॅटरी आहे. एमसीए ० अंशांना मोजतात आणि सीसीए उणे १८ अंशांना, म्हणून एमसीएचा आकडा नेहमी मोठा दिसतो. अशी बॅटरी हाऊस म्हणून वापरली तर मोसमभरातच मान टाकते.

रिझर्व्ह कपॅसिटी मिनिटांत दिली असेल तर ती २५ अँपिअरच्या वापरावरची असते: १८० मिनिटं म्हणजे त्या दराने ७५ एएच.

लिथियममध्ये बीएमएसची, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की बॅटरी यंत्रणेपासून तोडणाऱ्या सर्किटची, सलग करंटची मर्यादा बघा. १०० अँपिअरच्या बीएमएसवर १००० वॉटचा इन्व्हर्टर जेमतेम चालतो, २००० वॉटचा चालत नाही. थंडीत चार्जिंग आपोआप तोडण्याची सोय आहे का, आणि तोडण्यापूर्वी इशारा देणारा सिग्नल बाहेर येतो का, हेही विचारा.

६. जागा

इंजिनाची खोली टाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की शिसं-आम्ल बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जागा खाली आणि बोटीच्या मध्याजवळ हवी, पण बिल्जमधलं (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेतलं) पाणी पोचेल इतकी खाली नको. ३० किलोचं धूड बोट कलताना सुटलं तर पेटीच काय, बोटीचं कवचही फोडू शकतं. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार बांधलेली बॅटरी कुठल्याही दिशेला २५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. बांधल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा.

कंपास जवळ असेल तर जाड तारांच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जोड्या एकत्र बांधून न्या. एकट्या तारेतला डीसी करंट कंपासची सुई हलवतो.

७. तारा, फ्यूज, जोडण्या

मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ. एबीवायसीच्या ई-११ मध्ये हे अंतर १७८ मिमी आहे. तार थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडलेली आणि पूर्ण लांबी नळीत असेल तर १.८३ मीटरपर्यंत सूट मिळते. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा तारेवरून ठरतो. ३५ चौमिमीच्या तारेला १५० अँपिअर सर्वसाधारणपणे योग्य.

फ्यूजचा प्रकारही महत्त्वाचा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर ओतते आणि हलक्या फ्यूजच्या आत वितळलेल्या धातूतून ठिणगी चालूच राहते. एएनएल फ्यूज साधारण ६,००० अँपिअर तोडू शकतो, टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ १२ व्होल्टच्या यंत्रणेत १०,०००, आणि क्लास टी २०,०००. लिथियमवर क्लास टी लावा.

बारीक तार हा फ्रीजचा शत्रू. फ्रीज ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार. २.५ चौमिमीमध्ये तिचा रोध ०.०७ ओहम, ५ अँपिअरला ०.३५ व्होल्टची घट, म्हणजे जवळपास ३ टक्के. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट वाढतो, बॅटरी अर्धी असते आणि कंट्रोलर कमी व्होल्टेज समजून बंद पडतो. ४ चौमिमी टाका, घट ०.२२ व्होल्टवर येते.

तार कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. साध्या तांब्याची तार कापून आवरण मागे सोला, दोन-तीन मोसमांनंतर आतले धागे काळे-हिरवे पडलेले दिसतात आणि तो रंग लगपासून हातभर आत गेलेला असतो. लग क्रिम्प केल्यावर दोन हातांनी जोरात ओढा, तोंडावर गोंदाची हीट श्रिंक बसवा. टर्मिनलवर लग थेट शिशाला टेकायला हवा. वॉशर लगच्या वर येतो, खाली कधीच नाही. स्टीलचा वॉशर मध्ये बसला की तिथे उष्णता होते.

दोन बॅटऱ्या पॅरलल जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि लवकर संपते. जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडू नका, सगळ्या एकाच वयाच्या, एकाच प्रकारच्या. लिथियम असतील तर जोडण्यापूर्वी प्रत्येक वेगळी पूर्ण चार्ज करा.

बिल्ज पंपाची तार मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह. बोट बंद करून गेल्यावरही तो चालायला हवा.

८. इंजिनाची बॅटरी आणि अल्टरनेटर

इंजिनाची बॅटरी वेगळीच ठेवा, हाऊस पूर्ण उतरली तरी इंजिन सुरू झालं पाहिजे. दोन्ही शिसं-आम्लाच्या असतील तर व्होल्टेज बघून जोडणारा रिले पुरतो. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला सोडतो. डायोडचा स्प्लिटर (अल्टरनेटरचा करंट दोन बॅटऱ्यांत वाटणारा) ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो आणि बॅटरी नेहमी अर्धपोटी ठेवतो, तो टाळा.

लिथियमच्या बाबतीत हाच रिले घात करतो. लिथियमचं विश्रांतीतलं व्होल्टेजच १३.२-१३.३ असतं, त्यामुळे रिले सोडतच नाही आणि दोन्ही बॅटऱ्या कायम जोडलेल्या राहतात. शिवाय लिथियम मिळेल तेवढा करंट घेते, अल्टरनेटर मंद फेऱ्यांवर पूर्ण क्षमतेने तासन्‌तास चालून जळतो. आणि चार्जिंग चालू असताना बीएमएसने बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात.

उपाय सोपा आहे: अल्टरनेटर इंजिनाच्या शिसं-आम्ल बॅटरीलाच जोडलेला ठेवा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरा. ५० अँपिअरच्या अल्टरनेटरला २० ते ३० अँपिअरचा चार्जर, त्याहून मोठा नको. लिथियमच्या बोटीवरील वापरासाठी आयएसओचा २०२१ साली आलेला २३६२५ हा तांत्रिक निर्देश आणि एबीवायसीचं २०२२ साली आलेलं ई-१३ मानक आहे. विमा कंपनी किंवा तपासनीस बहुतेक वेळा यांच्यापैकी एकाबद्दल विचारतो.

बीएमएसने बॅटरी तोडली की दिवे, चार्टप्लॉटर, ऑटोपायलट सगळं एकदम जातं. म्हणून व्हीएचएफ आणि नेव्हिगेशनचे दिवे इंजिनाच्या बॅटरीवर नेता येतील असा एक स्विच ठेवा.

९. पहिलं चार्जिंग, मीटर आणि चाचणी

चार्जिंगचं व्होल्टेज डेटाशीटवरून घ्या. ढोबळ आकडे: ओली १४.४ ते १४.८, एजीएम १४.४ ते १४.७, जेल १४.१ ते १४.४, फ्लोट (भरल्यानंतर तशीच भरलेली ठेवणारं व्होल्टेज) १३.२ ते १३.८. लिथियमला १४.२ ते १४.४, फ्लोट १३.५ च्या आत; इक्वलायझेशन (सेल सारखे करण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) आणि तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं, दोन्ही बंद. शिसं-आम्लाला मात्र ते तापमानाचं सेन्सर जरूर लावा, दर अंशाला सुमारे ०.०२४ ते ०.०३ व्होल्ट कमी करावे लागतात. बोटीवरचा प्रत्येक चार्जर वेगवेगळा तपासा. सोलर कंट्रोलर बरोबर लावून किनाऱ्यावरचा चार्जर जुन्याच सेटिंगवर राहणं, ही नेहमीची चूक.

शिसं-आम्लाची ओली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला अर्धी. लिथियमचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यावरून काहीच कळत नाही. शंट (आत-बाहेर जाणारा सगळा करंट मोजणारी धातूची पट्टी) असलेला मॉनिटर लागतोच. बॅटरीच्या निगेटिव्हला शंटशिवाय दुसरं काहीही जोडू नका. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह थेट बॅटरीवर गेली की ती वीज मॉनिटरला दिसत नाही, आणि भरलेली बॅटरी रिकामी दाखवली जाते.

शिसं-आम्ल बॅटरीची वर्षातून एकदा चाचणी घ्या: पूर्ण भरून काही तास ठेवा, प्रत्येक १०० एएचमागे ५ अँपिअरचा स्थिर लोड लावा आणि १०.५ व्होल्टपर्यंत किती तास लागतात ते लिहा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आली की तिची बदली पुढच्या लांब प्रवासाच्या आधी करा. चाचणी संपताच लगेच पूर्ण चार्ज करा, रात्रभर उतरलेली ठेवू नका.

मोसम संपून बोट बंद ठेवताना शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा, किंवा छोट्या सोलरवर सोडा. लिथियम ५० ते ६० टक्क्यांवर आणून सगळे लोड तारेसकट सोडवा. गॅस अलार्म, रेडिओची स्मृती, मॉनिटरचं ब्लूटूथ असे थेंब थेंब खाणारे लोड काही महिन्यांत बीएमएसला बॅटरी तोडायला लावतात. त्यानंतरही बीएमएस स्वतः थोडा करंट खात राहतो, आणि सेल २ व्होल्टखाली गेले तर ती बॅटरी पुन्हा चार्ज करणं सुरक्षित राहत नाही.